आमची वाटचाल: फूटपेडल, टाचणवही आणि करारातला एक शब्द

आमच्या कपाटात आम्ही लिहिलेली पुस्तकं ओळीने उभी आहेत आणि एकाच्याही मुखपृष्ठावर आमचं नाव नाही. त्याची तक्रार नाही, व्यवहारच तसा ठरलेला असतो. तक्रार दुसरी आहे, ती पुढे येईलच.

आमचं शब्दांकनाचं काम, म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं आयुष्य त्याच्या नावाने लिहून देण्याचं, कॅसेटच्या काळात सुरू झालं. त्या वेळी सी-90, म्हणजे 90 मिनिटांची कॅसेट, स्वस्त पडायची, पण तिची फीत पातळ. लिप्यंतर करताना, म्हणजे ऐकून शब्दन् शब्द लिहून काढताना, एकच वाक्य वीस वेळा मागे-पुढे झालं की ती ताणली जायची, नाहीतर रोलरभोवती गुंडाळली जायची. म्हणून सी-60. एका बाजूला 30 मिनिटं, मग कॅसेट पालटायची. पालटण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात माणूस जे बोलतो, ते आधीच्या अर्ध्या तासात बोललेला नसतो. यंत्र थांबलं की जीभ सुटते. डिजिटल रेकॉर्डर आले आणि ही खाच बुजली, तेव्हा आम्ही ती मुद्दाम परत पाडली. आजही 30 मिनिटांनी यंत्र बंद करतो, पाणी देतो, वही उघडी ठेवतो. वहीत टिपलेलं पुन्हा यंत्र चालू करून विचारायचं, नाहीतर उद्या ‘मी असं बोललोच नाही’ ऐकावं लागतं.

लिप्यंतराला पहिल्या दिवसापासून ताई. संस्थेत भागीदार कागदावर कोणीही असो, खऱ्या भागीदार त्याच. त्यांचं फूटपेडल दाबलं की आवाज सुरू, पाय उचलला की बंद, आणि पुन्हा दाबताना फीत दोन सेकंद मागे. ही दोन सेकंद फार कामाची. एक सेकंद ठेवलं तर अर्धा शब्द निसटतो, चार ठेवली तर तेच तेच ऐकून डोकं उठतं. तासाभराच्या बोलण्याला पाच-सहा तास लागतात. त्यातून साधारण पाच ते सात हजार शब्द निघतात. दर दोन मिनिटांनी समासात वेळ लिहायची, आणि शब्दांबरोबर चौकटी कंसात ‘थांबले’, ‘हसले’, ‘विषय टाळला’ हेही. ‘विषय टाळला’ असं तीनदा आलं की तिथे पुस्तकाचं एक प्रकरण दडलेलं आहे असं समजावं.

हिशेब सोपा आहे. पंचवीस तासांच्या मुलाखतींतून दीड लाख शब्द हाती येतात, पुस्तक होतं पन्नास-साठ हजारांचं. म्हणजे जवळपास दोन तृतीयांश टाकायचे. नवे लोक इथेच चुकतात. चांगला किस्सा टाकवत नाही म्हणून तो कुठेतरी कोंबतात, आणि प्रकरणाचं पोट सुटतं.

आता टाचणवही. प्रत्येक माणसासाठी एक स्वतंत्र वही, चार रकाने. पहिल्यात त्याचे ठेवणीतले शब्द आणि म्हणी, दुसऱ्यात वाक्याची लांबी आणि तो वाक्य कुठे तोडतो, तिसऱ्यात राग आल्यावरची भाषा, आणि चौथ्यात तो कधीही वापरणार नाही असे शब्द. हा चौथा रकाना सर्वांत मोलाचा. आयुष्यभर ‘धंदा’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘उद्योजकता’ घातली की त्याच्या घरचे पहिल्याच पानावर ओळखतात. आमचे एक जुने ग्राहक चार पुस्तकांसाठी आमच्याकडेच आले, ते या वहीमुळे. चौथ्या वेळी त्यांनी स्वतःची वही मागून घेतली, दोन शब्द खोडले आणि म्हणाले, ‘हे मी आता बोलत नाही.’ असा ग्राहक एकदाच मिळतो.

सन विचारून सन मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. ‘ते कधी झालं?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा चुकतं, कारण ठळक घटना माणसाला प्रत्यक्षापेक्षा अलीकडची वाटते. ‘तेव्हा थोरली कितवीत होती?’ विचारा. मग बदलीचा हुकूम, जुनं पत्र, फोटोमागची तारीख यांच्याशी ताडून पाहा.

बुडायची वेळ आली ती लेखनामुळे नव्हे, करारातल्या एका शब्दामुळे. आमचे हप्ते चार असत. करारावर 30 टक्के, आराखड्यावर 20, पहिल्या खर्ड्यावर 30, अंतिम प्रतीवर 20. त्या एका कामात ग्राहकाच्या आग्रहाखातर शेवटचे दोन एक केले आणि अट लिहिली, ‘समाधानकारक प्रत मिळाल्यावर’. समाधान कोणाचं, हे लिहिलंच नाही. पहिला खर्डा स्वतः सांगणाऱ्याला आवडला. मग तो घरात फिरला. एकाला भाऊबंदकीचं प्रकरण नको होतं, दुसऱ्याला ते वाढवून हवं होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एक प्रकरण काढायला कितीसा वेळ लागतो? पण त्या प्रकरणात ज्या माणसाची ओळख करून दिली, तो पुढे तीन ठिकाणी येतो. कालक्रमात दोन वर्षांचं भोक पडतं. शेवटच्या प्रकरणातला समेट अधांतरी लटकतो, कारण भांडणच उरलेलं नसतं. चार खर्डे झाले. सगळे हात त्यात अडकल्याने दुसरं काम घेता आलं नाही, निम्मी रक्कम अडकली, ती आजतागायत आली नाही आणि पुस्तकही छापलं गेलं नाही. ताईंनी चार महिने पैसे घेतले नाहीत, म्हणून दार उघडं राहिलं.

आता ‘समाधान’ हा शब्द आमच्या करारात नाही. मान्यता देणारी व्यक्ती एकच आणि नावानिशी. सूचना 21 दिवसांत, लेखी, एकाच प्रतीवर. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, पुढे ताशी दर. मुदतीत उत्तर नाही तर मान्य. काम अर्ध्यावर थांबलं तर झालेल्या कामाचे पैसे. ध्वनिमुद्रणं कोणाची, सांगणारा मधेच गेला तर निर्णय कोणाचा, हेही आधीच लिहा. अवघड वाटलं तरी लिहा.

त्यानंतरची बरीच वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग प्रतिस्पर्धी आला. आमच्याकडेच दोन वर्षं लिप्यंतर शिकलेला. ‘महिन्यात आत्मचरित्र’ अशी त्याची जाहिरात, आणि त्यात आमची चार रकान्यांची वही ‘आमची खास पद्धत’ म्हणून. खरं तर तिथे लिप्यंतरच शुद्ध करून प्रकरणं पाडतात. शिक्षक बोलो की ट्रकचालक, दोघांची वाक्यं सारख्याच मापाची. सहा तासांच्या बोलण्यावर दोनशे पानं काढायची तर उरलेली जागा पावसाने आणि आईच्या मायेने भरावी लागते.

नाव नसण्याबद्दल लोक हळहळतात. नॅन्सी ड्रू या मुलांसाठीच्या अमेरिकन रहस्यकथांच्या मालिकेतल्या पहिल्या 30 पुस्तकांपैकी 23 मिल्ड्रेड विर्ट बेन्सन यांनी लिहिली. मुखपृष्ठावर कॅरोलिन कीन हे मालिकेची मालकी असलेल्या संस्थेने ठरवलेलं टोपणनाव, आणि सुरुवातीचा मोबदला पुस्तकामागे ठोक 125 डॉलर. त्यांचा वाटा उघडपणे पुढे आला तो 1980 साली, प्रकाशकांच्या आपापसातल्या खटल्यात साक्ष देताना. त्यांचं नाव निदान साक्षीत तरी आलं. आमच्या वहीची नक्कल झाली, त्याची साक्ष कोण काढणार?

जाता जाता एक. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आजच्या सर्वमान्य अक्षरप्रणालीत, नेलात तर मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं, पुन्हा अक्षर न् अक्षर वाचा. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टंकली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रूपांतरात ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, आणि रफार तर कुठेही. संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस आडनावं सोडून देतो. ताई म्हणून आडनावांची यादी वेगळी काढतात आणि ती मोठ्याने वाचतात, मूळ ध्वनिमुद्रण शेजारी लावून, पाय पेडलवर ठेवून.