साठ पैशांचं कॉमिक आणि माझे पंधरा हजार

तर झालं असं की मागच्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या एका काकांचा फोन आला, त्यांचा वाडा पाडून तिथे सोसायटी होणार आहे म्हणून घर रिकामं करतायत आणि माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक निघाली, आत धाकट्या भावाची कॉमिक्स. भाऊ १९८० च्या सुमाराला अमेरिकेला गेला तो गेलाच. माझा नंबर काकांना आमच्या रद्दीवाल्याने दिला. (माझ्या कलेक्शनमधली निम्मी कॉमिक्स रद्दीवाल्याच्या कृपेने आलीयेत, दर दिवाळीला त्याला फराळाचा डबा जातो तो काय उगाच नाही.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी इंद्रजाल कॉमिक्स जमवते. बरीच वर्षं झाली आता. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केली, पहिला अंक फँटमचा (म्हणजे मराठीतला वेताळ), किंमत साठ पैसे, आणि १९९० मध्ये बंद पडली तोवर एकूण ८०३ अंक निघाले. नंबर मोजत बसलात तर मध्ये १२३ आणि १२४ सापडणारच नाहीत, तेव्हा प्रेसमध्ये संप होता आणि ते दोन अंक निघालेच नाहीत. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी जवळपास वर्षभर १२३ शोधत जुन्या बाजारात फिरलेय, दर बुधवारी, हाफ डे टाकून. जाऊ दे.

माझं बजेट होतं पंधरा हजार. हे आधीच सांगते कारण पुढचा सगळा गोंधळ त्या आकड्याचा आहे.

काकांनी ट्रंक उघडली आणि पहिलंच वाक्य टाकलं, "अमेरिकेत एक सुपरमॅन कितीला गेला माहितीये ना तुम्हाला?" व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड आलं होतं त्यांना. आता गंमत म्हणजे फॉरवर्ड खरं होतं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सुपरमॅन नंबर १ ची एक कॉपी ९१ लाख डॉलरच्या वर गेली, १९३९ ची, तीन भावांना आईच्या पश्चात घर आवरताना माळ्यावर सापडलेली. म्हणजे काकांच्या डोक्यात सगळं जुळलंच होतं, भाऊ, माळा, ट्रंक. मी त्यांना सांगितलं की काका ती कॉपी दहापैकी नऊ ग्रेडची होती, तिकडे कंपन्या आहेत, त्या कॉमिक तपासतात, नंबर देतात आणि कडक प्लॅस्टिकच्या डबीत सील करून टाकतात, मग ते कोणी उघडत नाही, वाचत नाही, फक्त विकतात. आणि आपल्याकडे ही कॉमिक्स पाच भावंडांनी ओढाओढ करून वाचलेली असतात, मग आतेभाऊ घेऊन जातो, मग त्यावर वरणाचा डाग पडतो. काका म्हणाले, "आमच्याकडे वरणाचे डाग नाहीत." आणि खरंच नव्हते हो.

ट्रंकेत बराच माल होता, पण घेण्यासारख्या चार गोष्टी.

पहिली, कृष्ण. अमर चित्र कथा, नंबर ११, काकांच्या मते पहिली आवृत्ती. आता अमर चित्र कथेचं असं आहे की ११ नंबर हाच खरा पहिला, कारण आधीचे दहा नंबर परदेशी परीकथांचे होते, अनंत पैंची पौराणिक मालिका कृष्णापासून सुरू झाली, १९६० च्या दशकाच्या शेवटाला, आणि चित्रं आपल्या राम वाईरकरांची. त्यामुळे हा अंक दिसला की सगळ्यांचेच डोळे चमकतात. पण या मालिकेचे अंक इतक्यांदा छापलेत की नुसत्या नंबरावरून काहीच कळत नाही. मी दोन गोष्टी बघते. सुरुवातीच्या अंकांत खर्च वाचवायला निळा, पिवळा, हिरवा असे मोजकेच रंग वापरलेले असायचे, पूर्ण रंगीत नंतर झालं. आणि मागच्या पानावर इतर पुस्तकांची यादी असते ती कुठल्या नंबरापर्यंत जाते ते बघायचं, कारण जे पुस्तक अजून निघालंच नाही ते यादीत कसं येईल? काकांचा कृष्ण छान गुलाबी-लाल रंगात नटलेला होता आणि यादी दोनशेच्या पुढे. बाजूला ठेवला. काका जरा नाराज झाले.

दुसरी गोष्ट बघून मात्र माझा श्वास अडकला. इंग्रजी इंद्रजाल, १९६४, पहिल्या दहातला. बी. गोविंद यांनी रंगवलेलं कव्हर, मागच्या बाजूला पूर्ण पानाचं पोस्टर. ही पोस्टरं म्हणजे मोठी आफत आहे, कारण त्या काळातल्या प्रत्येक मुलाने ती कापून भिंतीला चिकटवलीत, त्यामुळे सुरुवातीचा अंक मिळाला तरी मागचं कव्हर मिळत नाही. इथे होतं! काकांनी सांगितले चौदा हजार. माझे हात थरथरत होते ते त्यांनी बघितलं असणार, व्यवहारात एवढं वाईट दुसरं काही नाही.

मग मी भिंग काढलं. पर्समध्ये असतंच. कव्हर कलर झेरॉक्स आहे का हे आधी बघायचं, जुन्या छपाईत रंगाचे ठिपके एकमेकांत अडकलेले दिसतात आणि घडीवर शाई आतपर्यंत जीर्ण झालेली असते, झेरॉक्सचा रंग कागदावर पापुद्र्यासारखा बसतो आणि घडीवर त्याचे कपचे उडतात. कव्हर अस्सल निघालं. पण पिना बघितल्या तर दोन पिना आणि कव्हरवर भोकं आठ. आतल्या पानांवर भोकं चारच. म्हणजे हे कव्हर आधी दुसऱ्याच कुठल्यातरी कॉपीवर होतं! कोणीतरी एका अंकाचं चांगलं कव्हर आणि दुसऱ्याची चांगली पानं घेऊन लग्न लावून दिलेलं. भावानेच केलं असेल, दोन कॉप्या असतील त्याच्याकडे. लबाडी म्हणता येणार नाही, दोन्ही अस्सलच आहेत, पण अशा कॉपीला पूर्ण कॉपीचा भाव कोण देईल? आणि तरी, पहिल्या दहातला अंक आहे हो, परत कधी दिसणार?

तिसरी, मराठी बहादूर. अगदी सुरुवातीचा. बहादूर म्हणजे आबिद सुरतींचा, डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालमध्ये आला, तोपर्यंत सगळे हिरो परदेशी, वेताळ, जादूगार मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, आणि हा कुर्ता आणि जीन्स घालून डाकूंच्या मागे लागणारा आपला माणूस, त्याचा बाप स्वतःच डाकू. कव्हर फाटकं, मागचं पान गायब, त्यावर एका लायब्ररीचा जांभळा शिक्का आणि बॉलपेनने कोणाची तरी सही, सहा हजार.

चौथ्या गोष्टीकडे काकांनी नीट बघितलंही नव्हतं. मराठी वेताळ आणि मॅन्ड्रेक, १९७० च्या दशकातले अकरा अंक, बायंडरकडून एकत्र बांधून घेतलेले, पुठ्ठा, कापडी पाठ, वर मार्बल पेपर. सगळी कव्हरं आत शाबूत. पण बायंडरने बांधल्यावर कटिंग मशीनमध्ये घालून तिन्ही बाजू कापल्यात, त्यामुळे प्रत्येक कव्हरवर वरची अक्षरं अर्धी उडालीत आणि दोन ठिकाणी नंबरही. कलेक्टरच्या भाषेत अशा गठ्ठ्याची किंमत जवळपास शून्य. काका म्हणाले, "ते राहू दे, ते असंच द्यायचंय, पाच-सात हजार द्या वाटलं तर." असंच म्हणजे सात हजार. पेठ आहे शेवटी.

मी रविवारपर्यंत वेळ मागितला.

आता घरी येऊन सांगायची सोय नाही. नवऱ्याने फ्रिजच्या कॉम्प्रेसरची आठवण करून दिली. लेक म्हणाला आई हे सगळं स्कॅन करून नेटवर पडलंय, फुकट. बरोबर आहे त्याचं, मी स्वतः ते स्कॅन वाचते. पण मला त्या कागदाचा वास लागतो त्याला मी काय करू.

तीन दिवस माझं हेच चाललं होतं. इंग्रजी अंक घेतला तर बजेट संपलं, पण उद्या विकायचा म्हटलं तर गिऱ्हाईक लगेच मिळेल, मुंबई दिल्ली कोलकाता, इंग्रजी सगळेच घेतात. मराठीला गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव कमी. आणि इथेच माझं डोकं फिरतं, कारण मिळण्याच्या हिशोबाने बघितलं तर माझा अनुभव उलटा आहे. इंग्रजी अंक लोकांनी जपले, ज्यांच्या घरी इंग्रजी कॉमिक्स यायची त्यांच्या घरी कपाटं होती. मराठी अंक गावोगावच्या लायब्रऱ्यांत गेले, बसस्टँडवर विकले गेले आणि मग त्यात शेंगदाणे बांधले गेले. मिरजेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लायब्ररी होती, पंचवीस पैशात एक कॉमिक, तिथेच बाकावर बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. त्या दुकानात भिंतभर होती ही. त्यातली किती उरली असतील? मी मिरजेत शोधलंय, एकही नाही.

आणि अजून एक, हे ऐकून काही लोक चिडतील. पहिल्या दहा अंकांतली आतली बरीचशी चित्रं विल्सन मॅकॉय या अमेरिकन चित्रकाराची. मला मॅकॉय आवडत नाही. त्याचा वेताळ म्हणजे अंगात घट्ट बनियन घातलेला पोस्टमन वाटतो. माझा वेताळ साय बॅरीचा, रुंद खांद्यांचा, जंगलातल्या काळ्या सावल्यांमधला, कवटीच्या सिंहासनावर बसलेला. मग चौदा हजार देऊन मी काय घेणार, तर एक कव्हर, ते पण दुसऱ्याचं.

शिवाय इंद्रजाल हे नुसतं परदेशी मालाचं पुनर्मुद्रण नाही, ही गोष्ट भावाच्या हिशोबात कोणी धरत नाही. मूळ गोष्टीत वेताळाचा देश बेंगाला, आपल्याकडे त्याचं डेंकाली केलं. मूळ चाचे सिंग टोळीचे, आपल्याकडे सिंगा झाले, कारण सांगायला नको. म्हणजे कोणीतरी ऑफिसात बसून हे सगळं आपल्या वाचकासाठी बदलत होतं. आणि मराठीत तर त्याच्याही पुढे, फँटमचा वेताळ करणं ही काय साधी गोष्ट आहे का? आपल्या प्रत्येक गावाच्या वेशीवर वेताळ आहे. फँटम म्हणजे मेला तरी परत दिसणारा, लोक घाबरतात पण तोच राखण करतो. ज्याला हे नाव सुचलं त्याला मी शोधून नमस्कार केला असता.

तरी शनिवारी रात्री मी इंग्रजीच घ्यायचा ठरवून झोपले होते. अक्कल आणि लोभ यांची वेळापत्रकं वेगळी असतात.

रविवारी गेले तर काका ट्रंक उन्हात ठेवून बसलेले. मी म्हटलं अहो काका उन्हात नका ठेवू, हा कागद लाकडाच्या लगद्याचा, उन्हाने पिवळा पडतो आणि मग पापडासारखा तुटतो. कसर लागली असेल म्हणून ठेवलंय म्हणाले. कसर होती खरी, इंग्रजी अंकाच्या पाठीवर मला आधी दिसली नव्हती अशी एक बारीक नागमोडी रेघ. मी भिंग पुन्हा लावलं. पुन्हा ती आठ भोकं. काकांना दाखवली पण. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "भावाचं काम आहे हे. त्याला फाटकं काही चालायचं नाही." मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

मी बांधलेला गठ्ठा घेतला. सात म्हणाले, सहाला दिला. आणि बहादूर पण घेतला, साडेपाच. म्हणजे साडेअकरा, कॉम्प्रेसरला साडेतीन उरले. इंग्रजी अंक मुंबईच्या एका कलेक्टरने त्याच आठवड्यात नेला, किती दिले ते काकांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही, पण दोन रात्री नीट झोप लागली नाही हे कबूल करते. अजूनही ते कव्हर डोळ्यासमोर येतं.

गठ्ठा सोडवून अंक वेगळे करायचे का हे दोघातिघांनी विचारलं. नाही करणार. पाठ शिवलेली आहे, सरसाने चिकटवलेली, ओढली की आतल्या घडीची पानं सुटणार, आणि कापलेल्या कडा काय परत उगवणार आहेत? पावसाळ्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या घालून लोखंडी कपाटात आडवा ठेवलाय. बहादूरला मात्र कोणीतरी पूर्वी सेलोटेप लावलीये, ती तपकिरी होऊन कागदात मुरलीये, तिला हात लावायची माझी हिंमत नाही, कोणाला कागदाच्या दुरुस्तीतलं कळत असेल तर सांगा.

रोज रात्री एक अंक वाचतेय. बायंडरने क्रम पार चुकवलाय, मध्येच एक अंक दोनदा बांधलाय, आणि नववा जो मॅन्ड्रेकचा आहे तो भाग पहिला. मॅन्ड्रेकचा साथीदार लोथार दरीच्या काठाला लटकतोय, खाली लिहिलंय पुढील अंकात. पुढचा अंक गठ्ठ्यात नाही. लेक म्हणाला स्कॅन शोधून देऊ का, मी म्हटलं खबरदार.

परवा काकांचा परत फोन. जिन्याखालच्या फडताळात अजून एक गठ्ठा सापडलाय, असाच बांधलेला, मार्बल पेपरवाला. रविवारी या म्हणाले, मुंबईवाल्यांना पण बोलावलंय. मी म्हटलं काका, शनिवारी आले तर चालेल का?