सुपातले खवट दाणे जातात कुठं?

दिवाळीत गावी गेलेलो, चिकोडीच्या पुढं आमचं गाव. यंदा शेंगा भरायच्या टायमाला तीन आठवडे पावसाचा पत्ता नाही आणि काढल्यावर वाळत घातलेल्या शेंगांवर नेमका कोसळला. आज्जी सोप्यात सूप घेऊन चटणीसाठी दाणे निवडत बसलेली. सुरकुतलेला, काळा पडलेला, हिरवट-पिवळी बुरशी धरलेला दाणा बाजूच्या पातेल्यात. मी सहज विचारलं, आज्जी ते पातेल्यातलं कुठं टाकतीस? तर म्हणाली, "म्हशीला की, वाया कशाला घालवायचं."

मी बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी केलंय, नोकरी वेगळीच करतो ते सोडा, पण हे ऐकून पोटात गोळा आला.

ती हिरवट-पिवळी बुरशी बहुतेक अस्परजिलस फ्लेवस, तिच्यातलं विष ते अफलाटॉक्सिन. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पिल्लं पटापट मेली, रोग सापडेना, शेवटी कळलं की ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत घोळ होता. आपल्याकडं १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली, लिव्हर खराब होऊन. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लिव्हरचा कॅन्सर. आणि ही बुरशी फक्त ओलाव्यानं येत नाही, शेंगा भरताना पाण्याचा ताण पडला, जमीन तापली की रानातच दाण्यात शिरते, म्हणजे यंदाचं हवामान तिच्यासाठी ताटच वाढून ठेवल्यासारखं.

आता गंमत अशी की आज्जीचं निवडणं एकदम बरोबर आहे. विष सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, हजारात एखादाच दाणा जबरदस्त विषारी असतो, आणि तो बऱ्याचदा रंगावरून, सुरकुतीवरून ओळखू येतो (दरवेळी नाही, चांगला दिसणारा पण निघतो). म्हणजे चटणीचे दाणे बऱ्यापैकी सेफ झाले, पण विष सगळं पातेल्यात गोळा झालं आणि पातेलं निघालं गोठ्यात. म्हशीच्या लिव्हरमध्ये त्याचं एम१ (त्याच विषाचं बदललेलं रूप) होतं आणि एका दिवसात दुधात उतरतं, साधारण शंभरातला एक-दोन भाग. दूध उकळून काही होत नाही, चटणीला दाणे भाजून थोडं कमी होतं पण जात नाही, हे विष उष्णतेला दाद देत नाही. खायला बंद केलं की तीन-चार दिवसात दूध साफ होतं, एवढीच चांगली बातमी.

आपण मात्र दूध म्हटलं की युरिया, डिटर्जंट, भेसळ यावरच बोंब मारतो. एफएसएसएआयनं (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले, त्यात भेसळीमुळं धोक्याचे निघाले १२, आणि एम१ मर्यादेपेक्षा जास्त असलेले ३६८! मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम, युरोपात त्याचा दहावा हिस्सा. डेअरीवर फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) बघून पैसे देतात, हे कोण बघतंय.

हे सगळं मी आज्जीला माझ्या परीनं सांगितलं. ती म्हणाली, म्हस तर चांगली दोन वेळ दूध देतीय. बाबा म्हणाले मग व्यापाऱ्याला घालू, खराब दाणा तो अर्ध्या दरानं घेतो, घाण्याला जातो. मी म्हटलं घाण्याला घातलं की विष जास्त करून पेंडीत राहतं आणि ती पेंड परत कुणाच्या तरी म्हशीपुढंच येणार, आपल्याच येईल कदाचित. बाबा गप्प.

शेवटी आईनं पातेलं उचललं आणि पाणी तापवायच्या चुलीत सगळं ओतलं. दोन-अडीच किलो असेल. बाबा रात्री जेवणापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, आज्जी तेवढं म्हणाली, पुढच्या खेपेला शेंगा वाळवायला तूच ताडपत्री घेऊन ये, लवकर.