आमची वाटचाल : चार तारखा आणि एक पितळी हब

कोल्हापूरच्या राजारामपुरीत २००९ साली गेमचं दुकान टाकलं तेव्हा काउंटरवर प्लेस्टेशन टूच्या सीड्या आणि मागच्या टेबलावर एक सोल्डरिंग आयर्न, एवढंच भांडवल होतं. पुढची दहा वर्षं दुकान नीट चाललं. लिहायचंय ते २०२० बद्दल.

'सायबरपंक २०७७' या व्हिडिओ गेमची घोषणा २०१२ ची. २०१९ मध्ये हॉलिवूडचा नट कियानू रीव्ह्ज त्याच्या जाहिरातीसाठी स्टेजवर आला, तारीख मिळाली १६ एप्रिल २०२०, आणि पोरांनी बुकिंगसाठी रांग लावली. पूर्ण पैसे घेऊन ४२ बुकिंगं घेतली आणि ती रक्कम डिस्ट्रिब्युटरकडे भरली. त्याची अटच तशी: पैसे आधी, माल परत नाही. मग तारीख गेली १७ सप्टेंबरवर. मधे लॉकडाऊन, शटर खाली. मग १९ नोव्हेंबर. ५ ऑक्टोबरला गेम 'गोल्ड' झाल्याचं, म्हणजे डिस्क छापायला तयार असल्याचं, गेम बनवणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं. गोल्ड म्हटल्यावर धंद्यातला माणूस निर्धास्त होतो. मीही झालो, दारात फ्लेक्स लावला. २७ ऑक्टोबरला पुन्हा तारीख ढकलल्याची कंपनीची ती पिवळी सूचना आली: आता १० डिसेंबर.

त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या नव्या दुकानदारानं पाटी लावली, 'पहिल्या दिवशी माल, तीनशे रुपये कमी'. त्यानं स्वतः एक रुपया कुठं अडकवला नव्हता. वर माझ्या गिऱ्हाइकांना सांगत सुटला, 'त्यानं तुमचे पैसे वापरले.' अकरा जण परत मागायला आले. पैसे डिस्ट्रिब्युटरकडे, पण देणं माझं. खिशातून दिले. ते बोलणं मी आजही विसरलेलो नाही.

खरा दणका डिसेंबरात बसला. जुन्या पीएस फोरवर (प्लेस्टेशन फोरवर) गेम अडकायचा, बंद पडायचा. १४ डिसेंबरला कंपनीनं माफी मागितली आणि सांगितलं, डिस्क घेतली असेल तर आधी दुकानात परत करून बघा. लोक मोबाइलवर ते निवेदन उघडून काउंटरवर उभे. चार दिवसांत प्लेस्टेशनवाल्या सोनीनं गेम आपल्या ऑनलाइन स्टोअरवरूनच काढला. डाउनलोडवाल्यांना पैसे सोनीनं दिले, डिस्कवाल्यांना मी. डिस्ट्रिब्युटर म्हणाला, 'सील फुटलं, विषय संपला.' २७ डिस्क कपाटात आल्या आणि मी भिशी उचलली.

उद्यमनगरातले लेथवाले मामाही डिस्क घेऊन आले. मी गल्ला उघडला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे की भावा. दुरुस्त करतील तवा खेळू. हे मशीन का बंद पडलंय?" डिस्क पॉलिश करायचं मशीन होतं, डिस्क ज्यावर बसते तो प्लास्टिकचा हब तडकलेला, कंपनीचा सुटा भाग मिळत नव्हता. मामांनी खिशातून व्हर्निअर काढला, माप घेतलं. तिसऱ्या दिवशी पितळेचा हब हजर. डिस्क अशी बसली की जराही डगमगेना. पन्नास रुपयाला एक याप्रमाणे ओरखडलेल्या सीड्या घासून मी पुढचं वर्षभर दुकानाचं भाडं काढलं.

गेम लांबला की हवा जाते, असं म्हणतात. मला ते पटत नाही. जीटीए फाइव्ह २०१३ च्या वसंतातून १७ सप्टेंबरवर गेला आणि तीन दिवसांत त्याची एक अब्ज डॉलरची विक्री झाली. रेड डेड टू दोनदा पुढं ढकलला, २०१८ मध्ये आला, तीन दिवसांत ७२ कोटी ५० लाख डॉलर. सायबरपंकसुद्धा त्या डिसेंबरअखेर १ कोटी ३७ लाख प्रती खपला. तारखेनं गेम पडत नाही. जाहिरात गेमच्या पुढं धावते आणि मधल्या अंतराचे पैसे दुकानदार भरतो. रिलीजआधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत दिली होती, पीएस फोरची नाही. मला तिथंच कळायला हवं होतं.

नवीन दुकान टाकणाऱ्यांनो, गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स वेगळ्या पाकिटात ठेवा, त्यातून माल उचलू नका. तुमचं गिऱ्हाईक ज्या मशीनवर खेळतं त्या मशीनवरचा रिव्ह्यू येईपर्यंत पूर्ण पैसे घेऊ नका. फ्लेक्सवर तारीख तर कधीच छापू नका.

जीटीए सिक्सची तारीख २०२५ वरून २६ मे २०२६ आणि तिथून १९ नोव्हेंबर २०२६ झाली. बुकिंगला लोक येतात. मी वहीत फक्त नाव लिहून घेतो. पहिलं नाव मामांचं आहे आणि मशीनला हब अजून तोच आहे.