वेळ बरा मिळतो तुला!

नणंद म्हणते, ऑफिसातले म्हणतात. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानदाराने तर पुस्तक भोपळ्यासारखं हातावर तोलून विचारलं, "सगळं वाचणार?" एवढ्या जाड कादंबऱ्या वाचायला वेळ कुठून काढतेस, हे तुम्हीही परवा विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

वेळ मिळत नाही. ओटा पुसून झाला की दहा पानं, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत चार. गुरुचरित्राचा सप्ताह करणाऱ्याला कुणी विचारतं का, वेळ कुठून काढलास म्हणून? आणि या कादंबऱ्या एका बैठकीत संपवायच्या नव्हत्याच. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' याच पुण्यात लोकांनी 'करमणूक'मधून हप्त्याहप्त्याने वाचली. ते साप्ताहिक निघालं १८९० साली. टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस' १८६५ पासून एका मासिकात यायला लागली, आणि ग्रंथ पुरा व्हायला १८६९ उजाडलं. वाचकांची पोरं तेवढ्यात शाळेत जायला लागली असतील.

कॉलेजात असताना मी म्हणायचे, जाड तेच खरं साहित्य. मूर्खपणा होता. बेडेकरांचं 'रणांगण' एका दुपारी संपलं आणि पुढचा आठवडा खराब करून गेलं. शिवाय कपाटात जाड पाठ दिसली की बरं वाटतं, हेही कबूल. 'वॉर अँड पीस'च्या शेवटी इतिहासावर जो लांबलचक निबंध आहे, तो पहिल्या वेळी मी सरळ गाळला होता.

मग कशासाठी वाचते? तर मनुके.

'वॉर अँड पीस'मधल्या रोस्तोव्हांच्या घरातलं शेंडेफळ म्हणजे पेट्या. १८०५ च्या समारंभात तो इतका लहान असतो की आपण त्याच्याकडे लक्षही देत नाही. शेकडो पानं तो असाच मागेमागे वाढतो. १८१२ मध्ये हट्टाने सैन्यात जातो, आणि छाप्याच्या आदल्या संध्याकाळी स्वतःजवळचे मनुके सगळ्यांना वाटत सुटतो. मला गोड खायची सवय आहे, म्हणतो, घ्या, सगळे घ्या. सकाळी त्याला गोळी लागते. त्याच्या तुकडीच्या प्रमुखाला, देनिसोव्हला, त्या क्षणी मनुकेच आठवतात. तो वळतो, कुंपणापाशी जातो आणि ते घट्ट धरून उभा राहतो.

मी तिथे होते तेव्हा आमची बेल वाजली.

डिसेंबरातली दुपार, घरात मी एकटी. ऐकू आली. कुरिअरवाला असेल, म्हटलं, शेजारी ठेवून जाईल. पुन्हा वाजली. उठले नाही. खरं सांगायचं तर मी चिडले. तासाभराने, कदाचित जास्तच, दूध आणायला दार उघडलं, तर समोरच्या काकू जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. दार ओढलं गेलं होतं आणि किल्ली आत. त्यांची जादा किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्याला असते, माझ्यापासून पाच पावलांवर. वय सत्तरच्या पुढे, त्यात शुगर. भाजीच्या पिशवीतला मटार सोलून कच्चाच खात होत्या. टरफलं नीट पदरात गोळा केलेली, जिन्यावर एकही नाही.

"झोपली असशील म्हटलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा वाजवली तेव्हा वाटलं, उगाच उठवतेय."

"हो, डोळा लागला होता," मी म्हणाले.

टॉलस्टॉय वाचून माणूस मोठ्या मनाचा होतो वगैरे मला सांगू नका. त्या दुपारी मी दोनशे वर्षांपूर्वीच्या एका रशियन पोरासाठी रडत होते आणि दाराबाहेर काकू बसल्या होत्या.

तरीही त्या मनुक्यांची किंमत शंभर पानांत कळली नसती, यावर मी ठाम आहे. पेट्या आपल्यासमोर वाढलेला असतो, म्हणून तो गेल्यावर घरातलं कुणी गेल्यासारखं वाटतं. लेखक त्यासाठी आपले महिने वापरून घेतो. ते महिने दुसऱ्या कुणाचे होते का, याचा हिशेब मला लागत नाही. नवरा म्हणतो, फोनवर असतीस तरी उठली नसतीस. तेवढ्याने माझं समाधान होत नाही.

काकूंना अजून सांगितलेलं नाही. पुस्तक मात्र पुन्हा काढलंय. पेट्या सध्या लहान आहे. बेल वाजली की उठते, बहुतेक वेळा.