खोडलेली फुली

४ जुलै २०२४ ला रात्री दहा वाजता ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान संपलं आणि आमच्या हॉलमध्ये पेट्या यायला लागल्या. इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका मतदारसंघात मी मोजणीला होतो.

इथे मतयंत्रं नाहीत. कागद, पेन्सिल आणि फुली. पेटीतल्या मतपत्रिकांची संख्या केंद्राच्या हिशेबाशी आधी जुळवायची, मगच उमेदवारवार गठ्ठे लावायचे. पत्रिका सुलटीच ठेवायची. पाठीमागचा क्रमांक कुणाला दिसता कामा नये. पक्षांचे प्रतिनिधी समोरून आमच्या बोटांवर नजर ठेवून असतात, पण कागदाला हात लावायची त्यांना मुभा नाही. पहाटेपर्यंत ही शिस्त जराही ढळत नाही, याचा मला फार अभिमान आहे.

मध्यरात्रीनंतर एक पत्रिका हाती आली. तोवर सत्तेत असलेल्या हुजूर पक्षासमोर फुली मारलेली, मग ती इतकी गिरवून खोडलेली की कागद फाटायचा बाकी होता. खाली स्थलांतराला विरोध करणाऱ्या रिफॉर्म पक्षासमोर दुसरी, नीट फुली. शंकास्पद म्हणून मी ती बाजूला ठेवली. हुजूरांचा प्रतिनिधी म्हणाला, दोन खुणा आहेत, बाद करा. निवडणूक अधिकाऱ्याने मतदाराचा इरादा स्पष्ट आहे म्हणून मत ग्राह्य धरलं. निर्णय बरोबरच होता.

त्या माणसाने पहिली फुली का खोडली असेल? लॉकडाऊनमध्ये पंतप्रधानांच्या घरी रंगलेल्या पार्ट्या, २०२२ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या मिनी बजेटनंतर भडकलेले गृहकर्जाचे हप्ते, एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत ७५ लाखांवर गेलेली उपचारांची प्रतीक्षायादी... की माझ्यासारखी बाहेरून आलेली माणसं? मतपत्रिकेवर कारण लिहिलेलं नसतं.

सकाळी टीव्हीवर मजूर पक्षाच्या लाटेची चर्चा होती. हे विश्लेषक मोजणीच्या टेबलाशी कधी उभे राहिलेत का, असा संताप आला. ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या, पण मतं ३३.७ टक्के. २०१९ च्या पराभवात मजूर पक्षाला सुमारे १ कोटी ३ लाख मतं होती, या विजयात ९७ लाख. हुजूरांची मतं मात्र जवळपास १ कोटी ४० लाखांवरून ६८ लाखांवर आली. बदल हवा होता हे खरं, पण त्यातले कितीतरी जण मजूर पक्षाकडे आलेच नव्हते. काही रिफॉर्मकडे गेले, काही घरीच बसले. मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला, ही पद्धत हे सगळं झाकून टाकते.

आमच्याकडेही मजूर पक्षच जिंकला. हुजूर आणि रिफॉर्मचे गठ्ठे एकावर एक ठेवले असते, तर त्याच्या गठ्ठ्यापेक्षा उंच भरले असते.