खिडकी नसलेलं घर

लेकीकडे ॲडलेडला आलं की आम्हा दोघांना कुठेतरी हिंडवून आणायचं काम जावयाने आपणहून अंगावर घेतलेलं आहे. या खेपेला त्याने कूबर पेडी काढलं. साडेआठशे किलोमीटर उत्तरेला, वाळवंटात, तेही भर जानेवारीत! "आई, तिथले निम्मे लोक जमिनीखाली राहतात," हे त्याने आंबा दाखवावा तसं सांगितलं. यावर "मग वेरूळ काय वाईट होतं?" असं म्हणून हे गाडीत बसले आणि पोर्ट ऑगस्टापर्यंत झोपले. पोर्ट ऑगस्टानंतर बघण्यासारखं काही नाही. एक मिठाचं तळं लागलं, बाकी लाल माती आणि सरळ रस्ता.

गाव यायच्या आधी मैलोन्‌मैल पांढऱ्या मातीचे ढीग लागतात. प्रत्येक ढिगाशेजारी एक भोक. ओपल नावाच्या रंगीत रत्नासाठी खणलेले हे उभे खड्डे जेमतेम मीटरभर रुंद, पण खोल किती ते वरून दिसत नाही. रस्त्याकडेच्या पाटीवर बजावलंय: पळू नका, उलट्या पावली चालू नका. म्हणजे फोटो काढताना "अजून थोडं मागे, अजून थोडं" करणाऱ्या आपल्यासारख्यांसाठीच ती लावलेली असावी. हे सगळं सुरू झालं 1915 साली. चौदा वर्षांचा विली हचिसन बापाबरोबर सोनं शोधणाऱ्यांच्या टोळीत आला होता, त्याला इथे ओपल सापडलं. पुढे पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक आले. खंदकांत राहायची त्यांना सवय होती, त्यांनीच इथे जमिनीत घरं करायची चाल पाडली म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीस, सर्बिया, क्रोएशिया, इटली, कुठकुठून माणसं येऊन खणत राहिली. सर्बियन मंडळींनी तर अख्खं चर्च दगडात कोरलंय. ते मात्र वेळ काढून बघा, आमच्या ह्यांनीसुद्धा तिथे वेरूळचं नाव काढलं नाही.

गाडीतून उतरले तेव्हा पारा 45 वर होता आणि माश्या थेट डोळ्यांत शिरत होत्या. समोर आमच्या मुक्कामाचं घर, पण घर असं नाहीच. टेकडीचा एक कापलेला कडा, त्याला साधं लाकडी दार, वर पत्र्याची पडवी आणि कुंडीत निवडुंग. टेकडीच्या माथ्यावर पाईप उभे, तीच खालच्या खोल्यांची हवा खेळती ठेवणारी धुराडी. दार उघडून आत गेले, चार पावलं टाकली आणि अंगावरचा घाम गार पडला. एसी नाही, पंखासुद्धा नाही. बारा महिने आत 24-25 अंशांच्या आसपासच असतं, थंडीतल्या गारठ्याच्या रात्रीही.

घरमालकीण सत्तरीच्या पुढची, मूळची सर्बियाकडची. तिने आधी कॉफी दिली, मग घर दाखवलं. मला भिंतींचंच जास्त नवल वाटलं. वालुकाश्म, म्हणजे मऊ दगड. खोदायच्या यंत्राचे दात फिरलेत तिथे गोल गोल चरे उमटलेत, मधून गुलाबी-तांबड्या रेघा गेल्यात. धूळ झडू नये म्हणून वरून चकचकीत थर दिलाय, हात फिरवला तर गुळगुळीत लागतं. पलंगाच्या उशाशी कोनाडा, स्वयंपाकघराबाहेर ओळीने कोनाडे, फडताळसुद्धा भिंतीतच कोरलेलं. माझ्या आजोळच्या वाड्यानंतर एवढे कोनाडे मी पहिल्यांदाच बघितले. "फळी हवी असली की कोरायची," ती म्हणाली, "नातू झाला तेव्हा एक खोली वाढवली." छतावर निदान चार मीटर दगड राहिला पाहिजे, एवढी खबरदारी घ्यायची. गावठाणात खाणकामाला बंदी आहे, पण घर मोठं करायला नाही. तेव्हा काही घरांना फार खोल्या का लागतात, हे ज्याचं त्याने समजून घ्यावं.

गाव ऑफ-ग्रिड, म्हणजे वीजजाळ्याबाहेरचं, म्हटल्यावर मी कंदील गृहीत धरून चालले होते. ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या वीजजाळ्याशी हे गाव खरोखरच जोडलेलं नाही. पूर्वी सगळी भिस्त डिझेलवर होती. 2017 पासून दोन पवनचक्क्या, सौर पॅनेल आणि बॅटरी मिळून गावाची साधारण सत्तर टक्के वीज काढतात, उरलेली डिझेल. आम्ही होतो तेवढ्यात दिवा मिचकावलासुद्धा नाही. माझ्या माहेरचं गाव ग्रिडवर आहे, तिथे उन्हाळ्यात काय चालतं ते लिहीत नाही. पाण्याची गोष्ट वेगळी. वीसेक किलोमीटरवरच्या बोअरचं खारं पाणी आणून, क्षार काढून नळाला सोडतात आणि ते महाग पडतं. त्यामुळे अंघोळीला बादलीचा हिशेब मी आपणहून ठेवला, कोणी सांगावं लागलं नाही.

आता रात्र. त्याविषयी कोणीच आधी सांगत नाही. दिवा मालवला आणि डोळे उघडे आहेत की मिटलेत हे कळेना. हात डोळ्यांसमोर धरला, दिसला नाही. आपल्याकडे अमावास्येलाही दाराच्या फटीतून काहीतरी येतं, फ्रिज घुरघुरतो, कुत्रं भुंकतं. इथे ह्यांचं घोरणं, बस्स. आणि ते दगडाला आपटून दुप्पट होऊन परत येत होतं. मग डोक्यात ते चार मीटर सुरू झाले. चार मीटर म्हणजे आमच्या इमारतीचा एक मजला आणि वर थोडं. तो सगळा दगड, आणि खाली मी, पाठीवर झोपलेली. रामरक्षा म्हटली. पाणी प्यायले. शेवटी उठून चाचपडत धुराड्याखाली गेले आणि मान वर करून उभी राहिले, तर ताटलीएवढा उजेड दिसला. चंद्र असावा, किंवा रस्त्यावरचा दिवा. काहीही असो, जीव खाली बसला. त्यानंतर लागली ती झोप अशी की लेकीने हलवून उठवलं. साडेनऊ! एवढ्या उशिरापर्यंत मी बाळंतपणातसुद्धा झोपले नव्हते. सूर्य उगवल्याची बातमी त्या घरात पोचतच नाही.

दुसऱ्या दिवशी गवताचं पातंही नसलेलं गोल्फचं मैदान बघितलं. खेळाडू हिरवळीचा तुकडा बरोबर घेऊन फिरतात, त्यावर चेंडू ठेवून मारतात. दुकानात जावयाने लेकीसाठी ओपलचं पदक घेतलं. वर ओपलचा पातळ पापुद्रा आणि खाली भलतंच काहीतरी चिकटवलेलं असतं हे दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं, तरी घेतलं. सुपरमार्केटात कोथिंबीर सुकलेली होती. ताजं काहीही ट्रकने दुरून येतं, त्यामुळे इथे राहायचं तर भाजीवरचं प्रेम आधी सोडावं लागेल. मला ते जमणार नाही.

निघायच्या आधी मालकिणीबरोबर पडवीत कॉफी झाली. पाहुण्यांवर ती जरा वैतागलेली होती. घरात येतात, भिंतीला हात लावतात आणि प्रत्येक जण तेच विचारतो: भीती नाही वाटत, गुदमरत नाही? मुलाकडे शहरात विटांच्या घरात राहायला गेली की आपल्यालाच झोप लागत नाही, म्हणे. पडद्यातून उजेड, रस्त्यावर गाड्या, छपरावर पाऊस. माझ्याही ओठांवर तोच भीतीचा प्रश्न होता, तो कॉफीबरोबर गिळला आणि विजेचं बिल किती येतं ते विचारलं. तिने आकडा सांगितला. जावयाने तो पुन्हा सांगायला लावला आणि गाडीत बसल्यावर लेकीला म्हणाला, "आपल्या परसात खणायला परवानगी लागते का गं?"