तालमीचं जुनं निशाण विमानाने दिल्लीला पाठवलं तो दिवस

आमचं काम झेंडे, निशाणं आणि बॅनर शिवायचं, दुकान नाशकात पंचवटीत. बाहेरगावी माल जातो तो बहुतेक ट्रॅव्हल्सने नाहीतर रेल्वेने, त्यामुळे लांबीचा प्रश्न कधी येत नाही, काठीला काठी बांधली आणि दिली टपावर टाकून. पण मागच्या श्रावणात एका ढोल पथकाची ताई दुपारी तीनला भिजतच दुकानात आली, सोबत दोन पोरं, आणि म्हणाली काका उद्या सकाळी ओझरवरनं दिल्लीचं विमान आहे, तिथे आमचं वादन आहे आणि हे न्यायचंय.

हे म्हणजे जुन्या नाशकातल्या एका तालमीचं निशाण. लाल मखमल, मधे जरीचा गणपती, खाली झालर आणि गोंडे. माझ्या वडिलांनी त्याचं अस्तर एकदा बदललेलं मला आठवतं, मी तेव्हा शाळेत होतो. पोरांनी ते चौपदरी घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत आणलं होतं आणि रिक्षातून उतरताना पिशवीत पाणी गेलेलं. मी हात लावला तर एक कोपरा चांगलाच ओला. खऱ्या जरीत चांदी असते, ओल धरली की ती काळी पडते, आणि मखमलीवर घडी बसली की लव दबते, ती रेघ मग जाता जात नाही. माझ्या पोटात गोळाच आला.

पोरगा म्हणाला काका इस्त्री मारा ना पटकन. म्हणलं अरे बाबा मखमलीला इस्त्री नाही लावायची, लव कायमची बसेल. कटिंगच्या टेबलावर धुतलेली चादर टाकली, त्यावर निशाण उताणं पसरलं, ओला कोपरा सुती फडक्याने फक्त दाबून टिपला, घासायचं नाही, आणि वरचा पंखा फुल्ल. हेअर ड्रायर पण नाही, जोराच्या गरम हवेने जरीचा टाका आकसतो. संध्याकाळी सातपर्यंत बाकीचं सगळं काम बंद ठेवलं.

तेवढ्या वेळात मापं घेतली. त्यांच्या तिकिटावर एका माणसाला 15 किलो सामान, आणि एका नगाची लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटिमीटर, त्यावर गेलं तर वेगळे पैसे आणि लहान विमान असलं तर घेतीलच असं नाही. निशाण रुंदीला 46 इंच म्हणजे 117 सेंटिमीटर, लांबीला सहा फूट. मग डोक्यात आलं की ड्रेनेजचा सहा इंची पाइप घ्यायचा, 122 सेंटिमीटरचा कापायचा, टोपणासकट जाडी 17 धरली तर 122 अधिक 17 अधिक 17, झाले 156. दोन सेंटिमीटर हातात! हार्डवेअरवाल्याकडनं पाइप आणला, आत गुंडाळायला तीन इंची पाइप, कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासल्या कारण प्लास्टिकची कड धारदार असते आणि झालर लगेच अडकते.

खरा वाद झाला काठीवरून. नऊ फुटी सागाची काठी, वरती पितळी कळस. ताईच म्हणाली तीन तुकडे करा, तिथे सॉकेट लावून जोडू. मी सरळ नाही म्हणालो. अगं, काठी दिल्लीत कुठेही मिळेल, बांबूची मिळेल, अॅल्युमिनियमची मिळेल, ही कापली तर परत कशी मिळणार? ती जरा नाराज झाली पण ऐकलं तिने. निशाण ज्या आडव्या काठीवर टांगतात ती 47 इंची, ती आतल्या पाइपच्या पोकळीत बरोबर बसली. दिल्लीतल्या मंडळाला उभ्या काठीची जाडी फोनवर कळवली, दीड इंच, त्यापेक्षा जाड नको नाहीतर कळस बसणार नाही. कळस टोकदार, त्यामुळे केबिन बॅगेत ठेवायचा नाही हे तिला दोनदा सांगितलं. फडक्यात गुंडाळून ढोलाच्या दोऱ्यांबरोबर चेक-इनच्या बॅगेत टाकला.

त्यांना दहा फुटी फ्लेक्सही न्यायचा होता. म्हणलं तो इथनं नेऊच नका, घडी घातली तर शाई तडकते, फाइल पाठवा आणि तिथेच छापून घ्या. माझी एक ऑर्डर गेली, पण खोटं कशाला सांगू.

रात्री नऊला निशाण पूर्ण कोरडं. आतल्या पाइपवर आधी मलमल, मग निशाण, लव बाहेरच्या बाजूला, जरीवर पांढरा बटर पेपर. वर्तमानपत्र अजिबात नाही, शाई उतरते. गोंडे एकेक करून कापसात. डांबर गोळ्या तर नाहीच नाही. एका बाजूचं टोपण सोल्युशनने पक्कं केलं, दुसरं नुसतं घट्ट बसवून वरून टेप, कारण विमानतळावर उघडून बघणार हे ठरलेलंच. टोपणावर मराठी, हिंदी, इंग्रजीत चिठ्ठी, की जुनं मखमली निशाण आहे, ओढू नका, आतला पाइप फिरवत काढा. ताईचा फोन नंबर आत एक, बाहेर एक.

तिच्याकडे तिरंगाही होता, 1350 बाय 900 मिलिमीटरचा, पॉलिएस्टरचा (2021 च्या डिसेंबरात ध्वजसंहितेत बदल झाला तेव्हापासून पॉलिएस्टरचा, मशीनवरचा चालतो). पोरांनी त्याचा बोळा केला होता. त्यांच्याकडूनच नीट घडी घालून घेतली, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग पांढरा दोन्हीकडून आत, वर फक्त अशोकचक्र आणि थोडा केशरी-हिरवा दिसला पाहिजे. तो केबिन बॅगेत सगळ्यात वर.

सकाळी ओझरवरून फोन. काका, पाइप उघडायला सांगतायत. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. म्हणलं तू स्वतः उघड, त्यांना चिठ्ठी दाखव. फोन चालूच होता, टेप निघाल्याचा आवाज आला, मग तिथला कोणी अधिकारी विचारत होता किती जुनं आहे हे. वेढा सोडवावाच लागला नाही, जरीची कड बघूनच त्याने बंद करायला सांगितलं.

वादनानंतर तिने फोटो पाठवला. दिल्लीच्या बांबूवर आमचं निशाण, मधे एक रेघ नाही. चार दिवसांनी पाइप परत आला तसं लगेच टेबलावर पसरलं, पंखा लावला, गोंडे मोजले. सगळे होते. कोपऱ्यातली सागाची काठी पोरांनी पुसून घेतली आणि कळस चढवला.